एक्क्याण्णव तास

सात दिवस फक्त पाणी, असं ठरवलं होतं.
दीड वर्ष अंडी, लोणी, बेकन, कोबी;
पाव नाही, बटाटा नाही, बियर तर नाहीच.
साठ पौंड उतरले, मग काटा असा थांबला
जसा फेब्रुवारीत सुपीरियरचा किनारा थांबतो.
वाटलं, उपाशी राहिलो तर हलेल.

पहिला दिवस फुशारकीवर निघतो.
दुसऱ्या दिवशी कळलं, जेवणं म्हणजे
दिवसाला लावलेल्या बिजागऱ्या.
त्या काढल्या की दुपार
उघडतही नाही, मिटतही नाही,
नुसती चौकटीला टेकून उभी.
मी तीनदा गॅरेज झाडलं.

म्हणतात, साखर सोडलेल्याला उपास जड जात नाही,
अंगाला चरबी जाळायची सवय असते.
असते. जाळतंही.
सकाळी पट्टी गर्द जांभळी,
तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या बाटलीचा वास,
आणि जिन्याच्या सहाव्या पायरीवर
छाती एक ठोका गाळून पुढे जाते,
मास्तर हजेरीत एखादं नाव गाळतो तशी.
रात्री तीन. पाय बर्फाचे, जीभ लोकरीची,
डोळे टक्क,
आणि डोक्यात आईची बटाटा भरलेली पेस्टी,
कडेला जरा करपलेली.

मी कॅलुमेटच्या उत्तरेला बर्फ काढायचा ट्रक चालवतो.
मागे दहा टन मीठ.
चक्री फिरते, मैलोन्मैल मीठ सांडत जातं,
आणि आत बसलेला माणूस अळणी.
चिमूट जिभेखाली धरायची म्हणून बांधलेली पुडी
घरी ओट्यावर राहिली होती.

पोटात कावळे ओरडायचे दिवस संपले होते.
चौथ्या दिवशी ते ओरडत नाहीत,
बाहेर येऊन बसतात.
उजाडताना रस्त्याकडेला मेलेलं हरीण
आणि त्यावर दोन डोमकावळे,
माझ्या दिव्यांत मान वर करून बघणारे,
भरल्या पंगतीत कुणी अवचित दार उघडावं तसे.
मला त्यांचा हेवा वाटला.
हे मी ड्वेनला सांगितलं नाही.

पुढच्या वळणावर उजव्या पोटरीत गोळा आला.
पाय ब्रेकवरून सुटला, फाळ कडेला गेला
आणि इम्पी कांगासची टपालपेटी
खांबासकट हवेत.

ती आली. नवऱ्याचा कोट, हातात टॉर्च.
"एइनोचा मुलगा ना तू?"
"हो."
"प्यायलायस?"
"पाणी," मी म्हणालो. "चार दिवस."

ती हसली नाही.
"खाण संपावर होती त्या हिवाळ्यात
आम्हीही राहिलो होतो पाण्यावर.
काट्यावर कुणी चढत नव्हतं."

"मीठ असेल का थोडं?" मी विचारलं.
तिने उजेड माझ्या तोंडावरून काढला,
मागच्या हौदावर नेला,
दहा टनांवर जरा वेळ ठेवला
आणि आत गेली.

कपात हाडांचा रस्सा होता,
वर चरबीचे टिकले.
"घोट घोट," म्हणाली. "घाई केलीस तर इथेच ओकशील."
मी सवयीने घड्याळ पाहिलं.
कप दातांवर वाजत होता.
हरल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं;
वाटलं ते फक्त खारट.

रविवारी नवा खांब घेऊन गेलो.
जमीन दगड झालेली,
म्हणून बादलीत वाळू भरून त्यात रोवला.
तिने माशाचं सूप वाढलं, त्यात बटाटे.
मी पाच फोडी कडेला सारल्या.
तिने मोजल्या, बोलली नाही.
एक मी परत ओढली.

निघताना विचारलं, मीठ बरोबर होतं का?
म्हणालो,
अजून थोडं चाललं असतं.