अनोळखी उपकरण

मे महिना, पारा सेहेचाळीसवर,
आणि सर्व्हर रूममध्ये मी स्वेटर घालून.
नागपुरात स्वेटर उन्हाळ्यात लागतो
हे आईला अजून पटलेलं नाही.

पूर्वी इथं कुंभरे असायचे, दमडूजी कुंभरे.
कमरेला चिमटा, खिशात रंगीत टेप,
बुटीबोरीच्या अकरा शेडमधली एकेक वायर
भाच्यांच्या नावांसारखी पाठ.
त्यांची एक चिठ्ठी अजून रॅकवर आहे:
‘हे निळी साहेबाची. हिले हात लावान तं फोन येईन.’
फोन यायचाच. मग डोक्याला दुपट्टा गुंडाळून
लुना काढायचे वर्धा रोडच्या उन्हात,
एका टोकाला काय झालं ते बघायला दुसऱ्या टोकापर्यंत.

आता कुणी कुठं जात नाही.
मिहानमधल्या चौथ्या मजल्यावर एक पडदा आहे.
जाळं स्वतःचा नकाशा स्वतः काढतं,
रायपूरची लाइन मंदावली की आपली आपण वाट बदलतं,
रात्री स्वतःला ठिगळं लावतं
आणि सकाळी मला अदबीनं कळवतं
काय बिघडलं होतं, जे आता बिघडलेलं नाही.
आम्ही सात जण होतो.
आता मी, आणि पुण्यात कुणीतरी,
ज्याचा मला फक्त हिरवा ठिपका माहीत आहे.

परवा रात्री दोन वाजून तेरा मिनिटांनी
जाळ्याला काहीतरी खटकलं.
शेड सात. एक पेटी. नाव नाही, नोंद नाही.
दर चाळीस सेकंदांनी दोन शब्द बोलते, पुन्हा गप्प.
अनोळखी उपकरण. धोका मध्यम.
कुणाला विचारलं नाही, दार लावून घेतलं,
आणि अहवालात लिहिलं: उपाय पूर्ण.

सकाळी सातला धर्मकाटा मुका.
सळया भरलेले तेहतीस ट्रक गेटपासून पार वळणापर्यंत,
ड्रायव्हर ट्रकखालच्या सावलीत आडवे,
तर्रीपोहेवाल्याच्या घरी दिवाळी.
माझ्या पडद्यावर सगळं हिरवं.
हिरव्या रंगाची भीती
मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

कुंभऱ्यांना फोन लावला. रामटेकला राहतात आता.
मागं कोंबड्यांचा कालवा.
‘काट्याच्या खोलीत पंख्याच्या वरतं पाय, बाई.
बिस्किटाच्या डब्यात हाये थे.
उंदरं गंज होते, म्हून डब्यात ठेवलं.
कंपनीनं पैसे नाही देल्ले, तं घरचं लावलं.
कागदावर कसं येईन मंग?’
मी विचारलं, नऊ वर्षांत कधी बंद पडलं?
‘काऊन पडन?’ ते म्हणाले,
आणि कोंबड्यांना हाकलायला गेले ते परत आलेच नाहीत फोनवर.

मग गेलेच मी. स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ,
किती महिन्यांनी माझ्याच जाळ्याच्या टोकाला.
स्टुलावर चढले. डबा होता.
झाकणावरची मुलगी अर्धी गंजलेली, तरी हसरी.
आत पेटी, बसून उठलेल्या खुर्चीइतकी कोमट,
एक दिवा चालू-बंद, चालू-बंद,
दार कुणी लावलंय ते तिला कळलंच नव्हतं.
डब्याला वारा लागावा म्हणून खिळ्यानं भोकं पाडलेली,
एका ओळीत, रांगोळीच्या ठिपक्यांच्या मापानं.
हे कुठल्याच नकाशात येत नाही.

फोनच्या पडद्यावर प्रश्न आला:
उपकरण ओळखीचं आहे?
आहे.
मालक?

रकाना देवनागरी घेत नाही.
रोमनमध्ये टाकलं, नाव आणि आडनाव,
पंधरा अक्षरांवर तो थांबला,
सोळावं घेईना.
कुंभरेंचा कुंभार झाला.

मी बदललं नाही.
बाहेर पहिला ट्रक काट्यावर चढला, पत्रा थरथरला.

तेव्हापासून रोज रात्री दोन वाजून तेरा मिनिटांनी
जाळं शेड सातपाशी येतं, दर वेळी तेच विचारतं,
आणि मी झोपलेली असताना
माझ्यासाठी एक ओळ लिहून ठेवतं:
कुंभार जागा आहे.