फलक

हणमन तळ्याच्या काठावरचा पिवळा फलक
मी रंगवला. तिसऱ्यांदा.
पहिल्याला रातोरात डांबर फासलं कुणीतरी,
दुसऱ्यावर मराठी ओळ वर गेली म्हणून दगड आले.
तिसऱ्यावर दोन्ही भाषा शेजारी-शेजारी बसवल्या,
अक्षरं एकाच उंचीची, फूटपट्टी लावून.
साहेब जीपमधून उतरून मोजून गेले,
अर्ध्या सुताचाही फरक नको म्हणाले.
तळ्याला कुणी फूटपट्टी लावली नाही.

कस हाकबेडी.
म्हणजे कचरा टाकू नका.
खरं मी शहापुरातल्या मराठी शाळेचा,
कानडी अक्षर काढताना ब्रशबरोबर
ओठ आपोआप तोडतात ते:
कस. हाक. बेडी.
तिन्ही शब्द आमच्या घरातले निघाले,
आणि कचऱ्याशी एकाचाही संबंध नाही.
असं तेव्हा वाटलं.

मग फलकाच्या पायाशीच जमायला लागलं.
खांब दिसला की माणसाचा हात सैल सुटतो.
कुंद्याचे रिकामे डबे, झाकणावर तीन लिप्यांत 'शुद्ध',
वडगावच्या मागाखालची सुताची गुंतवळ,
थर्माकोलचं मखर, त्याचे दोन खांब अजून उभे,
कुणाच्या तरी दिवसकार्याच्या पत्रावळी,
आणि एक उशी,
मधे डोक्याचा खळगा तसाच असलेली.

हंसाची पायडल बोट होती इथं.
धाकट्या आतेभावाला, विनायकला, मी तिच्यात फिरवलंय,
पाच रुपयांत दोन फेऱ्या.
आता हंसाला मान नाही.
पोटात पाणी, पाण्यात डास.
दिव्यांच्या खांबातली वायर गेली,
फिरायच्या वाटेवरच्या फरश्या गेल्या.
उद्घाटनाची कोनशिला तेवढी
दर राष्ट्रीय सणाला कोणीतरी पुसून जातं.

बिलासाठी पालिकेत गेलो तेव्हा सहज विचारलं.
आरोग्यवाले म्हणाले, पाणी आमच्याकडं येत नाही.
पाणीवाले म्हणाले, काठ आमच्याकडं येत नाही.
काठ आणि पाणी यांच्या मधे
हातभर चिखलाचा एक पट्टा आहे,
तो कुणाच्याच नकाशात नाही.
सगळं तिथंच साचलंय.
मी गप्प उठलो.
हद्दीवर राहणाऱ्यानं
हद्दीचं बोलणं उगाच वाढवू नये.
बिल पुढच्या महिन्यात.

परवा कचऱ्याचा ट्रॅक्टर, पालिकेचाच,
मागं घेताना फलकाला लागला.
खांब वाकला, पत्रा सुटला.
कचरा तिथंच ओतून गेला तो.

आज सकाळी बघतो तर यल्लव्वा,
कंत्राटावरची, हातमोजा एकाच हातात,
माझा फलक चिखलात आडवा टाकून
त्याच्यावर उभी.
कमरेत वाकून आतल्या बाटल्या ओढते आहे,
टाच नेमकी 'हाक'वर.
मला बघून ओशाळली.
"एन बरदीरी? काय लिवलंय वो ह्याच्यात?"
तिला दोन्हीकडची अक्षरं येत नाहीत.
मी वाचून दाखवलं. आधी डावीकडचं, मग उजवीकडचं.
ती हसेल वाटलं, हसली नाही.
"पडलं ते बरं झालं," म्हणाली,
"उभं होतं तवा माझा हात पोचत नव्हता."

मी चपला काठावर काढल्या.
पत्रा एका बाजूनं उचलत होता,
म्हणून दुसऱ्या टोकाला 'नका'वर जाऊन उभा राहिलो.
ती एकेक बाटली माझ्याकडं देत गेली,
मी पोत्यात टाकत गेलो.
पायाला पिवळं लागलं. रंग असेल, किंवा चिखल.

सोमवारी परत बिलासाठी जायचंय.
साहेब विचारतील, फलक जाग्यावर आहे का?
सांगेन, जाग्यावर नाही.
वापरात आहे.