यादृच्छिक

माझा विषय : शाळेच्या एका जादा वर्षाने
माणसाची कमाई किती टक्के वाढते.
एम.ए. औरंगाबादला, पीएच.डी. पुण्याला,
मग सहा वर्षं दूर बर्फात,
खिडकी नसलेल्या एका खोलीत.
तिथे चारशे बारा जुळ्यांचे पगार
एकमेकांतून वजा केले.
जुळी घ्यायची, कारण आई तीच, चूल तीच,
उरलेला फरक दप्तराचा.
उत्तर आलं : नऊ पूर्णांक चार.

आमची जोडी त्यात धरली नव्हती.
शिवनंदा सातवी, महानंदा डॉक्टर.
व्याख्यानात मात्र सांगायचे, नावं न घेता :
उदगीरच्या एका घरात दोन मुली,
लातूरच्या वसतिगृहात जागा एकच,
वडिलांनी तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या.
याहून स्वच्छ प्रयोग कुठला?
लोक हसायचे, आणि लिहून घ्यायचे.

यंदा गेले तेव्हा लाईट नव्हती.
गिरणी बंद, डब्यांची रांग दारापर्यंत,
शिवनंदाच्या पापण्यांवर ज्वारीचं पीठ.
गंमत म्हणून प्रश्नावली काढली.
महिन्याची मिळकत?
"लाईटीला इचार."
शिक्षण सोडण्याचं कारण?
मी आपणच लिहायला घेतलं : चिठ्ठी.

ती पट्टा पुसत होती. मान वर न करता म्हणाली,
"चिठ्ठ्या लिवल्या कोण?
अप्पाला कुठं येत होतं लिवायला?"
मला तांब्या आठवला, अप्पांचा आत घातलेला हात,
आणि चिठ्ठी वाचून दाखवणारी ही.
"दुसरी चुलीत कोण टाकली?
दोन्हीवर तुझंच नाव होतं, बाई."

बाहेर टमटम थांबली, भोंगा वाजवून गेली.
चारशे बारा घरांत
कुणी कुणाची चिठ्ठी लिहिली,
असा रकाना माझ्याकडे नव्हता.

"पण का?"
"तुला भाकर थापायला येत नव्हती.
दर टायमाला फाटायची.
घरी ठिवून करायचं काय तुझं?"

एवढं बोलायला आणि लाईट यायला.
पट्टा थरथरला, बोलणं बुडालं.
तिने पहिला डबा काट्यावर चढवला,
डब्याचं वजन मनातच वजा केलं
आणि दाराच्या फळीवर खडूने आकडा लिहिला.
सातवीतलंच अक्षर, गोल, एका रेषेत.
माझं अजून कोंबडीचे पाय.