सुकती

फ्रिजवर भेंडीच्या चुंबकाखाली ते कात्रण अजून आहे:
कुठल्याशा बेटावर काळी वाळू, वाकलेले माड,
मागे धुमसणारा डोंगर,
आणि समुद्राच्या कडेकडेने जाणारी पायवाट,
तिच्यावर एक जोडपं, पाठमोरं.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत माणशी खर्च, व्हिसा वेगळा.

तीन वर्षं आम्ही साठवत गेलो.
मग सोसायटीने इमारतीची तपासणी करून घेतली
आणि आमचं बेट
तळमजल्याच्या खांबांत गेलं.

"इथंही ज्वालामुखीच होता," विद्याधर म्हणाला, चहा फुंकत.
"आपण राहतो ते काय आहे मग? थिजलेला लाव्हा.
साडेसहा कोटी वर्षं झाली, एवढंच."
एवढंच, म्हणे.

तर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाची सुकती धरून,
वर्सोव्याच्या धक्क्यावरून तरीने मढला,
बसने एरंगळ, आणि पुढे पायी.
पिशवीत दशम्या, त्याच्या खिशात टॉर्च,
माझा डावा गुडघा दोघांच्या मध्ये, तिसऱ्या माणसासारखा.

समुद्र इतका मागे गेला होता,
जसं पाहुण्यांसमोरून कुणी एकदम उठून
आतल्या खोलीत जावं
आणि बाहेर राहावा सगळा पसारा:
ओले कातळ, तुटकी जाळी, एक निळी चप्पल,
कातळभर भोकं.
वायूचे बुडबुडे, विद्याधर सांगत होता,
लाव्हा थिजताना आतच अडकलेले.
मी एका भोकात वाकून पाहिलं.
चमचाभर पाणी, आणि त्यात
भाताच्या शितापेक्षा लहान खेकडा
माझ्यावर नांगी उगारून उभा.
जागा फार जुनी. पागडीची असणार.

टेकाडाला वळसा घातला तर
खडकावर एक बाई उकिडवी, चौकड्यांच्या लुगड्यात,
कोयतीने कालवं फोडत. टक्. टक्.
हर्मिना. नाव तिनेच सांगितलं, मान वर न करता.
विद्याधरने तिलाही ज्वालामुखी सांगितला.
(तो कुणालाही सांगतो. बसच्या कंडक्टरला सांगून झाला होता.)
तिने ऐकून घेतलं. डब्यात एक कालव टाकलं.
"असंल," म्हणाली.
"यो मोठा काला खडक हाय ना, त्याला आमी चूलच बोलतो.
माझी आय बोलायची. तिची आय बोलायची.
चुलीवरशी जा. बाजूला शेवाल हाय, पराल."

विद्याधर काहीच बोलला नाही.
चाळीस वर्षांत असं दोनदाच झालंय.

आम्ही चुलीवर बसून दशम्या खाल्ल्या.
कातळ दिवसभराच्या उन्हाने कोमट होता,
आणि खाली पाणी कुठेतरी
स्वतःशीच गुळण्या करत होतं.

"निंगा आता," हर्मिनाने हाक दिली.
"पानी समोरशी नाय येत. पाठीमागशी येतं."
वळून पाहिलं तर खरंच,
येताना कोरड्या पायांनी ओलांडलेली घळ
घोट्याइतकी भरली होती, आवाज न करता.
चपला हातात, त्याचा हात माझ्या कोपराला,
टॉर्चचा पिवळा गोल पुढे, गुडघा कुरकुरत मागे.

रात्री उशिरा घरी. लिफ्ट बंद.
पार्किंगमध्ये दम घ्यायला थांबले
त्या नव्या, अजून न रंगवलेल्या खांबाला टेकून.
एका जागी सिमेंट आत्ताच सुटलंय,
आतली खडी दिसते:
काळी, बारीक भोकांची.
विद्याधरला दाखवावी का, मी जरा वेळ ठरवत राहिले.
दाखवली असती तर
चारही मजले ऐकत चढावे लागले असते.

तळहात ठेवला फक्त. गार लागला.
मग गुडघ्याला म्हटलं,
चल.