इसार

मालवणच्या बोटीचा इसार देऊन झालाय.
तोवर येलदरीच्या उघड्या पडलेल्या गाळात
रोज दिवस कलला की सराव:
बंकट भोई शिशाचं वजन भिरकावतो,
ते साठ-सत्तर पावलांवर
बुडीत गावातल्या कुणाच्यातरी उंबऱ्यावर ठणकन आपटतं.
"लागला," म्हणतो कोणीतरी.

इलियास मेडिकलवाला उलटीच्या गोळ्या पुन्हा मोजतो.
सुरमई केवढी असती, विचारलं की
उत्तरेश्वर मास्तर दोन्ही हात पसरतात,
मग अजून जरा.

समुद्र बघितलेला एकटा बंकट.
तोही अर्ध्या रात्री, एसटीच्या काचेतून,
लेकीला बाळंतपणाला आणायला गेला तेव्हा.
कसा होता, सांग ना?
काळा होता नुसता.
वास मात्र आपल्या जाळ्याचाच आला, म्हणतो,
आणि दोरीत गुंतलेली बाभळीची काटकी
दातानं सोडवत बसतो.