स्टेपनी

मोठा बोर्ड टेम्पोतून येतो,
चाकांच्या काळ्या पेटीत. उचलायला दोघं लागतात.
बारा पेडल, खालून वायरींची आतडी,
आणि प्रत्येकाचा दिवा वेगळ्या रंगाचा.
हा छोटा मात्र सॅकमध्ये मावतो,
पाण्याची बाटली आणि जादा शर्टाच्या मध्ये.

कोपरखैरण्याला भोवड सुताराकडे मी
कपाटाच्या जुन्या दाराचा एक तुकडा मागितला होता,
फूटभर लांब, पाच इंच रुंद.
"देव्हाऱ्याला का?"
हो म्हणालो. समजावून सांगायचा कंटाळा.
तर त्याने पैसे घेतले नाहीत
आणि चारही कडा पॉलिश पेपरने गोल करून दिल्या.

त्या फळीवर वेल्क्रो, वेल्क्रोवर तिघंच.
ट्यूनर, काचेला तडा गेलेला.
ओव्हरड्राइव्ह, सीवूड्सच्या एका मुलाकडून घेतलेला,
तो कॅनडाला चालला होता, घासाघीस करायला त्याला वेळ नव्हता.
डिले, ज्याचं एकच बटण चालतं
आणि तेवढंच मला लागतं.
शेवटी नऊ व्होल्टची बॅटरी, चिकटपट्टीने आवळलेली.

दर शुक्रवारी मी बॅटरीची टोकं जिभेला लावून बघतो.
आंबट चुणचुण आली की झाकण बंद.
वृषाली याला स्टेपनी म्हणते,
आणि म्हणताना जरा जास्तच हसते.

चार वर्षं. हळदी, साखरपुडे,
तुर्भ्याच्या कंपन्यांचे वार्षिक दिवस,
एकदा तर स्विमिंग पूलचं उद्घाटन.
एकदाही चेन उघडावी लागली नाही.

मला त्याचं काही वाटत नसे.
मीही असाच शिरलो या धंद्यात.
डॉम्निक पुढे वाजवायचा, मी स्टेजच्या मागे
उपड्या क्रेटवर, गिटार मांडीवर,
सगळी गाणी तारांना न छेडता वाजवत.
जेवण मिळायचं. पाकीट नाही.
दोन वर्षांनी ऐरोलीला त्याला कावीळ झाली
आणि कुणीतरी पडद्याआडून माझी कॉलर धरून ओढली.

गेल्या महिन्यात घणसोलीला हळद होती.
साडेअकरा. गल्लीभर मांडव, जनरेटर गुरगुरतोय,
नवऱ्याच्या मामाने अख्खी परात
नाचता नाचता वर भिरकावली.
ओली हळद. बाराच्या बारा दिवे
एकदम गेले, जसे कुणी नाव पुकारून बसवले.

मी निनादला दोन बोटं दाखवली: फिरव.
त्याने ऑक्टोपॅडवर आवर्तन दोनदा फिरवलं,
हरचंदने कीबोर्डवर माझी जागा कशीबशी भरली.
चेन, फळी, एक जॅक आत, एक बाहेर.
पाय ठेवला.

आला आवाज.
बारीक, सडपातळ, अंगावर दागिना नाही,
पण सुरात, आणि वेळेवर.

कुणालाही कळलं नाही.
हे मी आनंदाने सांगत नाहीये.
त्या मोठ्या पेटीत माझे एक लाख दहा हजार आहेत,
त्यातले साठ अजून फेडतोय,
आणि मांडवातली तीनशे माणसं तशीच नाचत राहिली,
उलट जरा जास्तच.
स्पीकरला खेटून बसलेली धवलारीण तेवढी
पुढच्या गाण्याआधी खुणेने बोलावून म्हणाली,
"आता बरा वाजतंय. मगाशी कानान घुसत व्हता."

सध्या बारा पेडल तांदळाच्या डब्यात आहेत.
वृषाली विचारते, भात कधी खायचा?
सात जिवंत झाली. दोन नुसती घरघरतात.
कोरसच्या खुंट्या पिवळ्या पडल्यात, त्या तशाच राहतील.

परवाच्या वाशीच्या कार्यक्रमाला मी स्टेपनीच लावली,
आणि पूर्ण वेळ सॅककडे बघत होतो.
बाटली, शर्ट,
आणि मध्ये रिकामी जागा.

आज भोवडकडे गेलो.
"अजून एक फळी."
"अजून एक देव्हारा?"
"हो."
पट्टीवर पेन्सिलीची खूण करत तो म्हणाला,
"देव फार झाले तुमच्याकडे."
या वेळी पैसे घेतले.
कडा घासल्या नाहीत.