आडणीपाशी

जिन्सी नाला नंबर तीन. ग्वाल्हेरचं डिसेंबरातलं धुकं
अकरा वाजले तरी किल्ला गिळून बसलेलं.
किरपालसिंगचा भाता मात्र पहाटेच जागा झालेला.
"आ गए मुळेसाब," म्हणत त्यानं मांडीवरचं फडकं उलगडलं.

आत बोवी. अमेरिकन घाटाचा सुरा,
वीतभर पातं, वर दोन बोटं,
पाठ टोकाशी आत झुकलेली
ससाण्यानं मान वळवावी तशी.
भोपाळच्या कुणा हौशी माणसानं फोटो पाठवून करवलेला.
तो घेऊन जायच्या आधी मी बघायचा, हा आमचा रिवाज.
गिरणीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं मी माल नापास केला.
गिरणी गेली, नजर उरली.

धार आधी बघायची नाही.
धारेला नवशिके भुलतात,
अंगठा कापून घेतात आणि वा म्हणतात.
आधी पाठ. एक डोळा मिटून
नजर सोडायची तिच्यावरून, टोकापर्यंत.
सरळ गेली. कुठे अडखळली नाही.

मग आडणी. पितळ आणि पोलाद भेटतात ती जागा
दाराकडे धरून बघितली.
इथेच लोक चोरी करतात,
फट शिशानं बुजवतात, वरून पॉलिश मारतात.
मी उजेड शोधत होतो. उजेडाला वाट नव्हती.
आठ दिवस तरी कानस चालली असेल
त्या एवढ्याशा खाचेत.

पात्यावर पाण्याची रेघ:
धारेकडे कडक, पाठीकडे मऊ,
आणि मधे ती धूसर सरहद्द,
भिंतीत ओल चढत चढत थांबते तशी.
"पाणी कसलं दिलंस?"
"तेल था साब, तिल का. पानी में तो चटक जाता."
असंही पाणी असतं.

नखानं वाजवला.
घंटेसारखा नाही वाजला,
पलीकडच्या खोलीत कुणी आपलं नाव घ्यावं
तसा काहीसा.
तर्जनीवर आडवा ठेवला, आडणीच्या किंचित पुढे.
थरथरला. थांबला.

किरपालनं चहा सांगितला होता, मुरैन्याची गजक काढली होती.
मी अजून हात पुसले नव्हते.
राहिली होती मूठ.

मूठ शिसवीची, तेल पाजून काळी केलेली.
धरली. सोडली. पुन्हा धरली.
अनामिकेखाली एक उंचवटा,
बोटाला उगाच वर ढकलणारा.
"इथे," मी म्हणालो,
आणि माझाच आवाज मला रबरी शिक्क्यासारखा ऐकू आला.

तो बोलला नाही.
सुरा घेऊन स्वतःच्या मुठीत धरला,
आणि तो बसला, कुलपात किल्ली बसते तसा.
अनामिकेचं वरचं पेर नाही त्याला.
सत्त्याण्णव साली हातोड्याच्या मशीननं नेलं.
दवाखान्यात मीच नेला होता टेम्पोतून,
ते पेर माझ्या रुमालात.
आणि आता लाकूड चार दोरे पुढे येऊन
त्या आखूड बोटाला भेटलं होतं.

त्यानं आपला हात बघितला.
मग माझा बघितला.
मग कानस माझ्याकडे सरकवली.
"आप ही उतार दो."

एकतीस वर्षं मी खडूनं फुल्या मारल्या.
कानस कशावर चालवली नव्हती.
गिऱ्हाईक तीनला येणार होतं.
एकदा फिरवली. दुसऱ्यांदा फिरवली.
काळ्याखालून लालसर लाकूड दिसलं,
तिथे थांबलो.
बाकीचं भोपाळवाल्याच्या हातानं शिकावं.

"नंबर, साब?"
दहा मी कधी कुणाला दिले नाहीत.
"साडेनऊ."
गजकेचा तुकडा मोडून त्यानं माझ्या हातावर ठेवला.
अर्धा कुठे गेला,
विचारलं नाही.